लिथियम सुरू झालंय? तपासण्यांची वही आजच उघडा

माझ्या धाकट्या भावाला लिथियम सुरू होऊन आता ११ वर्षं झाली. लिथियम हे बायपोलर आजारावरचं औषध; या आजारात कधी मन अवाजवी उसळतं, म्हणजे उन्माद येतो, तर कधी नैराश्य. दुसऱ्याच महिन्यात रक्ताचा रिपोर्ट आला, त्यावर लिथियमची पातळी १.९ छापलेली. १.५ च्या वर गेलं की विषबाधेची भीती असते, एवढं मला तोवर ठाऊक झालं होतं. रिपोर्ट हातात धरून मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो शांतपणे पेपर वाचत बसला होता. हात स्थिर, बोलणं स्पष्ट. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "रक्त कोणत्या रंगाच्या झाकणाच्या नळीत घेतलं?" हिरव्या. त्या नळीत रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन घातलेलं असतं. म्हणजे रिपोर्टमधलं बरंचसं लिथियम त्या नळीतलंच होतं. त्याच दुपारी दुसऱ्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, पातळी ०.६ निघाली.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मानसोपचारतज्ज्ञ मन:स्थिती आणि लेव्हल (रक्तातली लिथियमची पातळी) पाहतात, फिजिशियन रक्तदाब आणि मूत्रपिंड पाहतात, दातांचे डॉक्टर दात पाहतात, लॅबवाल्यांना फक्त नळी दिसते. हे सगळं एका जागी कुणालाच दिसत नाही. ते दिसतं फक्त घरच्या वहीत, आणि तेही कुणी लिहीत असेल तर. ती वही कशी ठेवायची आणि तिच्यात काय काय यायला हवं, ते इथे सांगते. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांचंच काम. पण वेळेवर, नीट, अर्थ लागेल अशी माहिती त्यांच्यासमोर ठेवणं आपल्या हातात आहे.

आधी मिठाचं गणित समजून घ्या

हे एकदा कळलं की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत.

लिथियम हे रसायनशास्त्रात सोडियमच्याच कुटुंबातलं. यकृत त्याचं काही करत नाही. ते जसंच्या तसं, जवळजवळ सगळं, मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडतं. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम वाचवायला लागतं, ते लघवीतून परत ओढून घेतं. त्याच्याबरोबर लिथियमही परत ओढलं जातं. गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते.

याची किंमत लोकांनी फार पूर्वी मोजली आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे मिठाला पर्याय म्हणून विकलं जात होतं. ते घेणारे बरेच जण हृदयविकाराचे, म्हणजे नेमकं ज्यांचं मीठ बंद केलेलं असे रुग्ण. विषबाधा झाल्या, माणसं दगावली आणि १९४९ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण येतो हे प्रसिद्ध केलं. त्यांचा पहिला रुग्ण आश्चर्य वाटावं इतका सुधारला होता, पण १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेनेच गेला. रक्तातली पातळी पाहून डोस ठरवायची पद्धत तेव्हा रुळली नव्हती. आज ती सोय आपल्याकडे आहे, म्हणून तपासणी चुकवू नका असं मी इतक्या कळकळीने सांगते.

१. पहिल्या गोळीच्या आधी

लिथियम सुरू करण्यापूर्वीचे आकडे पुढे सगळ्यात मोलाचे ठरतात. पाच वर्षांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.१ आलं, तर ते जास्त की नेहमीचंच, हे सुरुवातीचा आकडा असल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. साधारणपणे या तपासण्या होतात:

- क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग), सोडियम, पोटॅशियम
- कॅल्शियम
- थायरॉइड (टीएसएच, बहुधा टी-४ सुद्धा)
- रक्ताची संपूर्ण गणना, म्हणजे सीबीसी
- वजन आणि उंची
- हृदयाचा त्रास किंवा त्याचा धोका असेल तर ईसीजी
- मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांसाठी गर्भचाचणी

उन्माद जोरात असताना रुग्णालयात घाईने लिथियम सुरू होतं आणि हे रिपोर्ट फाइलमध्ये तिथेच राहून जातात. डिस्चार्जच्या वेळी त्यांच्या प्रती मागून घ्या.

सीबीसीबद्दल एक सांगते. लिथियममुळे पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या दिसू शकतात आणि ही वाढ सहसा निरुपद्रवी असते. भावाच्या रिपोर्टवर तो आकडा ठळक अक्षरात आला तेव्हा एका नव्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग शोधायला घेतला होता. लिथियम चालू आहे हे त्यांना आधीच सांगितलं असतं तर तो आठवडा वाचला असता.

२. वही आणि फाइल

साधी वही पुरते. दर तपासणीला एक ओळ: तारीख, आदल्या रात्री गोळी किती वाजता घेतली, रक्त किती वाजता दिलं, डोस किती, लेव्हल, क्रिएटिनिन, ईजीएफआर, टीएसएच, कॅल्शियम, वजन. शेवटचा रकाना मोकळा ठेवा. त्यात 'चार दिवस जुलाब', 'रक्तदाबाची नवी गोळी', 'दोन डोस चुकले' असं काही असेल ते लिहा. कोड्यात टाकणाऱ्या आकड्याचं उत्तर बहुतेक वेळा मला याच रकान्यात सापडलं आहे.

फाइलमध्ये एवढं हवंच:

- सध्याचं प्रिस्क्रिप्शन, त्यात गोळीचं ब्रँडनाव, मिलिग्रॅम आणि गोळी साधी की हळूहळू विरघळणारी (एसआर) याचा उल्लेख
- लिथियम सुरू होण्याआधीचे रिपोर्ट
- सगळ्या औषधांची यादी, केव्हातरी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकांसकट
- डॉक्टरांनी ठरवून दिलेली लेव्हलची मर्यादा, त्यांच्याच अक्षरात
- आजारपणात गोळीचं काय करायचं याची लेखी सूचना
- पाकिटात ठेवायची चिठ्ठी: 'मी लिथियम घेतो', डोस आणि डॉक्टरांचा फोन नंबर

ब्रँडनावाचा आग्रह धरण्याला कारण आहे. एकाच मिलिग्रॅमच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या रक्तात सारख्याच उतरतील असं नाही. दुकानात नेहमीची गोळी नाही म्हणून दुसरी दिली, तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. बदल करावाच लागला तर लेव्हल पुन्हा तपासायची.

३. लेव्हलसाठी रक्त कधी आणि कसं द्यायचं

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. डॉक्टरांच्या मनातल्या ०.६, ०.८ या मर्यादा १२ तासांच्या पातळीवरच बेतलेल्या असतात. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला रक्त. आठ तासांनीच दिलं तर आकडा फुगलेला दिसेल आणि नसलेल्या धोक्यापायी डोस कमी होईल. सोळा तासांनी दिलं तर आकडा खाली दिसेल आणि डोस उगाच वाढेल. दुसरी चूक जास्त धोक्याची आहे.

दिवसातून दोनदा गोळी असेल तर सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. सवयीने सकाळी उठल्याउठल्या गोळी घेऊन लॅबमध्ये जाणारे खूप जण आहेत. तसं झालं असेल तर लपवू नका, परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. दोनदाचा डोस एकत्र करून रात्री एकदाच केला, तर दिवसाची एकूण मात्रा तीच असूनही १२ तासांची पातळी थोडी वर दिसते, हेही वहीत नोंदवा.

लिथियमच्या लेव्हलसाठी उपाशी राहावं लागत नाही. त्याच वेळी साखरेची किंवा चरबीची तपासणी असेल तर उपास लागेल, पण तेव्हाही पाणी प्यायचंच. रात्रभर पाण्याशिवाय राहून दिलेलं रक्त खरं चित्र दाखवत नाही.

आणि नळी. रक्त घेणाऱ्याला दर वेळी नम्रपणे सांगा, "ही लिथियमची तपासणी आहे, हिरव्या झाकणाची लिथियम हेपरिनची नळी नको." त्यांना राग येत नाही, उलट बऱ्याचदा ते आभार मानतात.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला साधारण ५ ते ७ दिवस लागतात. त्याआधी केलेली तपासणी अर्धवट चित्र दाखवते. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला, पातळी स्थिर होईपर्यंत. मग पहिलं वर्षभर दर ३ महिन्यांनी. त्यापुढे सगळं सुरळीत असेल तर दर ६ महिन्यांनी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचना अशाच आहेत आणि अनेक डॉक्टर साधारण याच वेळापत्रकाने चालतात. वय ६५ च्या वर असेल, लेव्हलवर परिणाम करणारी दुसरी औषधं चालू असतील, मूत्रपिंड, थायरॉइड किंवा कॅल्शियमची काळजी असेल, गोळ्या चुकत असतील, मन:स्थिती अजून ताब्यात नसेल किंवा शेवटची लेव्हल ०.८ वा त्याहून जास्त असेल, तर ३ महिन्यांचाच फेरा चालू ठेवतात.

गेल्या आठवड्यात गोळ्या चुकल्या असतील तर ते रक्त देण्याआधी सांगा. भावाने एकदा तपासणीच्या आधीचे दोन दिवस तेवढ्या गोळ्या नियमाने घेतल्या, आधीच्या चुकल्या होत्या. लेव्हल कमी आली, डोस वाढवायचं ठरत होतं. त्याने खरं सांगितलं म्हणून डोस तोच राहिला. त्याला तेव्हा कुणी रागावलं नाही, आणि घरच्यांनी हे पथ्य पाळायलाच हवं. ओरडा बसला की पुढच्या वेळी माणूस खरं सांगत नाही.

४. आकडा वाचताना

रिपोर्टवर एकक मिलीमोल प्रति लिटर असो की मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर, लिथियमच्या बाबतीत आकडा एकच असतो. गोंधळू नका.

रिपोर्टच्या उजवीकडे छापलेली मर्यादा ही लॅबची सर्वसाधारण मर्यादा, तुमच्या माणसाची नव्हे. बहुतेकांना दीर्घकाळासाठी ०.६ ते ०.८ पुरते. उन्मादाच्या तीव्र काळात किंवा आजार वारंवार उलटत असेल तर डॉक्टर ०.८ ते १.० पर्यंत नेतात. वयस्कर माणसांना त्याहून कमी पातळीही पुरते. म्हणून सत्तरीच्या आजींची लेव्हल १.१ आली आणि लॅबने ती 'नॉर्मल' छापली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं.

मात्र आकडा चांगला आहे म्हणून माणूस चांगला आहे असं समजू नका. लेव्हल मर्यादेत असतानाही विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, विशेषतः वय झालेल्यांमध्ये. अशा वेळी लक्षणांवर विश्वास ठेवा.

५. दर सहा महिन्यांचा फेरा

लेव्हलबरोबरच मूत्रपिंड, थायरॉइड, कॅल्शियम आणि वजन दर ६ महिन्यांनी पाहायचं. लेव्हल छान आली की बाकीच्या तपासण्या गळून पडतात, हा अनुभव मी बऱ्याच घरांत पाहिला आहे.

*मूत्रपिंड.* इथे एका आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. भावाचं क्रिएटिनिन चार वर्षांत ०.८ वरून ०.९, मग १.०, मग १.२ झालं. प्रत्येक रिपोर्ट सुटा पाहिला तर 'नॉर्मल'. वहीत एकाखाली एक पाहिल्यावर चढ स्पष्ट दिसत होता. वही पुढे केली, डॉक्टरांनी डोस कमी करून लेव्हल ०.६ च्या आसपास आणली आणि मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यानंतर आकडा तिथेच थांबला आहे.

तहान आणि लघवी खूप वाढली असेल तर तेही सांगा. लिथियममुळे मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होऊ शकते. चोवीस तासांत ३ लिटरहून जास्त लघवी होत असेल तर ती नक्की तपासण्यासारखी गोष्ट आहे. यात एक वाईट सापळा आहे: सारखं उठावं लागतं म्हणून माणूस पाणी कमी करतो. असं कधीच करू नका. पाणी कमी झालं की लेव्हल चढते. तहान साध्या पाण्याने भागवा, गोड पेयांनी वजन झपाट्याने वाढतं.

*थायरॉइड.* लिथियममुळे थायरॉइडचं काम मंदावू शकतं, स्त्रियांमध्ये जास्त. थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, वजन वाढणं, मन उदास होणं. यादी पाहिलीत तर ही नैराश्याचीही लक्षणं आहेत. उदासी परत आली की आजार उलटला असं मानून मनाचं औषध वाढवण्याआधी टीएसएच पाहिलं का, एवढं विचारा. थायरॉइड मंदावलं म्हणून लिथियम बंद करावंच लागतं असं नाही. बहुधा थायरॉक्सिनची (थायरॉइडच्या संप्रेरकाची) गोळी जोडून दोन्ही चालू राहतात.

*कॅल्शियम.* ही सगळ्यात जास्त विसरली जाणारी तपासणी. लिथियममुळे पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडशेजारच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या) जास्त काम करू लागतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. त्यातून थकवा, बद्धकोष्ठता, मुतखडा, मनाचा मंदपणा येतो. चिठ्ठीवर कॅल्शियम लिहिलेलं नसेल तर विचारून लिहून घ्या.

*वजन.* घरच्या काट्यावर महिन्यातून एकदा पुरे.

६. दुसरं कुठलंही औषध घेण्याआधी

हे प्रकरण फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

सगळ्यात मोठा धोका वेदनाशामकांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि त्या गटातल्या गोळ्या लेव्हल वाढवतात. त्या चिठ्ठीशिवाय सहज मिळतात, म्हणून जास्त भीती. डोकं, दात, कंबर दुखली तर पॅरासिटामॉल हा सुरक्षित पर्याय आहे.

रक्तदाबाच्या औषधांत दोन गटांकडे लक्ष ठेवा. एक, थायझाइड गटातल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या. दुसरा, 'प्रिल' किंवा 'सार्टन' ने संपणाऱ्या नावांच्या, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या. ही औषधं मुळीच चालत नाहीत असं नाही, पण ती सुरू करताना, डोस बदलताना आणि थांबवतानाही लिथियमची लेव्हल लगेच पाहावी लागते. दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, म्हणून पाकिटामागची घटकांची यादी वाचा.

मीठ आणि कॅफिन एकदम कमी-जास्त करू नका. मीठ अचानक सोडलं की लेव्हल चढते, एकदम वाढवलं की उतरते. रोज चार-पाच कप कॉफी घेणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली तरी लेव्हल वर जाते. बदल करायचा असेल तर हळूहळू, आणि डॉक्टरांना सांगून.

७. जुलाब, उलट्या, ताप, प्रचंड घाम

अंगातलं पाणी आणि मीठ जाण्याचे हे सगळे रस्ते. अशा दिवशी 'आजची गोळी देऊ का?' हा प्रश्न मध्यरात्री पडतो, तेव्हा उत्तर द्यायला कुणी नसतं. म्हणून पुढच्या भेटीतच डॉक्टरांना विचारा: जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी थांबवायची का, किती डोस, कुणाला फोन करायचा, पुन्हा कधी सुरू करायची. उत्तर लिहून घ्या आणि फाइलमध्ये लावा. तशी सूचना हाताशी नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, उद्यावर टाकू नका.

गोळी विसरली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

८. विषबाधा ओळखणं

हातांना बारीक कंप ही लिथियमची नेहमीची तक्रार. कपबशी किणकिणते, सही थोडी वाकडी येते. त्याबद्दल पुढच्या भेटीत बोललं तरी चालतं. पण याशिवाय पुढचं काही नव्याने दिसलं, तर ती तातडीची वेळ:

- कंप मोठा, हात उडाल्यासारखे हलणं, स्नायू फडफडणं
- चालताना झोक जाणं
- जीभ जड होणं, शब्द अडखळणं
- उलट्या, जुलाब
- गुंगी, गोंधळलेपण, झटके

झोक जाणारा, जड जिभेने बोलणारा माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि लोक तसंच समजून त्याला झोपवून ठेवतात. तसं करू नका. पुढची गोळी देऊ नका, थेट रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा, "हे लिथियमवर आहेत, लेव्हल आत्ताच करा." इथे १२ तासांचा नियम नाही, रक्त लगेच घ्यायचं. शेवटची गोळी कधी घेतली तेवढं मात्र सांगा. गरज पडली तर डायलिसिसने लिथियम काढता येतं. उशीर झाला तर तोल आणि बोलणं कायमचं बिघडू शकतं, म्हणून घरात बसून वाट पाहायची नाही.

९. गरोदरपण, शस्त्रक्रिया, आणि लिथियम थांबवणं

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी बोला. पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयाच्या दोषाचा धोका काहीसा वाढतो, आणि अचानक लिथियम सोडल्याने आईचा आजार उलटण्याचा धोकाही मोठा असतो. दोन्ही तोलून निर्णय घ्यावा लागतो. चालू ठेवायचं ठरलं तर गरोदरपणात मूत्रपिंड वेगाने काम करत असल्याने लेव्हल उतरत जाते. म्हणून दर ४ आठवड्यांनी आणि ३६ व्या आठवड्यापासून दर आठवड्याला तपासणी होते. बाळंतपणानंतर मूत्रपिंडाचा वेग पुन्हा कमी होतो आणि वाढवलेला डोस जास्त ठरू शकतो, त्यामुळे त्या दिवसांत लक्ष आणखी बारकाईने ठेवतात.

शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत सांगा. मोठ्या शस्त्रक्रियेआधी लिथियम बहुधा २४ तास थांबवतात. ज्यांना खूप लघवी होते त्यांना बराच वेळ पाण्याशिवाय ठेवणं धोक्याचं असतं, हेही आपण होऊन सांगा.

लिथियम बंद करायचं ठरलं, तर ते एका दिवसात करू नका. अचानक थांबवलं की उन्माद उसळून येऊ शकतो. निदान ४ आठवडे, शक्यतो ३ महिने घेऊन डोस उतरवतात, आणि त्या काळात झोपेवर घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं, कारण भावाच्या बाबतीत दर वेळी सगळ्यात आधी झोपच कमी झाली होती. विषबाधा किंवा तसंच गंभीर कारण असेल तर एकदम थांबवावं लागतं, तेव्हा निर्णय डॉक्टरांचा. वही मात्र टाकू नका. गोळी थांबल्यावरही मूत्रपिंड आणि कॅल्शियमची तपासणी डॉक्टर काही काळ चालू ठेवायला सांगतात, आणि पुढे कधी लिथियम पुन्हा सुरू करायची वेळ आली तर कोणत्या डोसवर किती लेव्हल आली होती, हे तिच्यातच सापडतं.